हरकतीच्या कागदावर सही करू का?

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वस्तीचं नाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय, म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं देते.

"आमच्या १४० बिऱ्हाडांच्या सोसायटीमागे महापालिकेचा मोकळा भूखंड आहे. तिथे कचरा हस्तांतरण केंद्र करायचं घाटतंय. नोटीस निघाली आहे, महिनाअखेरीपर्यंत हरकती-सूचना मागवल्यात. आमच्या सेक्रेटरींनी एक पत्र तयार करून आजूबाजूच्या सगळ्या सोसायट्यांत सह्यांसाठी फिरवलंय. त्यात लिहिलंय की केंद्र इथे न करता नाल्यापलीकडच्या जागेवर न्यावं. नाल्यापलीकडे वस्ती आहे. माझ्याकडे कित्येक वर्षं कामाला येणाऱ्या बाई तिथेच राहतात. सभेत मी तसं म्हटलं तर एक गृहस्थ म्हणाले, 'त्यांना काय, त्यांना सवय आहे.' मी गप्प बसले. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून सुनावणीत बोलायचं कामही माझ्याच गळ्यात घातलंय. माझी बहीण मुलुंडला हरिओम नगरात राहायची. तिच्याकडे जाऊन आलं की साडीला डम्पिंगचा वास यायचा. तसलं काही आपल्या मागे नको, असं मलाही वाटतं. पण सही करायला हात धजत नाही. आमचे हे म्हणतात, चार लोकांत राहायचंय, तूच एकटी शहाणी का? काय करू?"

ताई, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. ते पत्र आहे तसं राहिलं तर सही करू नका. पण हरकत घ्या, तुमच्या नावाने आणि तुमच्या शब्दांत. सुनावणीलाही जा. बोलायचं काम तुमच्याकडे आलंय ते बरंच झालं, दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं तर मला काळजी वाटली असती.

आता तुमच्या पत्रातली एक गल्लत. ती बहुतेकांची होते आणि सेक्रेटरींच्या पत्रातही असणार. बहिणीच्या घराजवळ होतं ते डम्पिंग ग्राउंड. १९६७ पासून २०१८ पर्यंत तिथे कचरा येऊन पडत होता, चोवीस हेक्टरांत त्याचा डोंगर झाला होता आणि तो तिथेच कुजत होता. हस्तांतरण केंद्रात कचरा मुक्कामाला नसतो. गल्लीबोळांतून फिरणाऱ्या छोट्या गाड्या तिथे येतात, रिकाम्या होतात आणि परत आपल्या बीटवर जातात. त्यांचा माल दाबून मोठ्या बंद गाडीत भरतात आणि ती गाडी कांजूरला, म्हणजे कांजूरमार्गच्या कचराभूमीवर जाते. पाच-सहा छोट्या गाड्यांच्या खेपा एका मोठ्या खेपेत भागतात. मुंबईत महालक्ष्मी, कुर्ला, वर्सोवा, गोराई इथे अशी केंद्रं आहेत. ती नसती तर पश्चिम उपनगरातली प्रत्येक गाडी जोडरस्त्यावरच्या गर्दीत अडकून, अख्खी पाळी प्रवासात घालवून कांजूर गाठत बसली असती. या शहरात रोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा निघतो. त्यामुळे अशी केंद्रं लागणार, कदाचित आहेत त्याहून जास्त. 'हे केंद्रच नको' असं सुनावणीत म्हणालात तर समोरचा अधिकारी मान डोलावेल आणि पुढच्या माणसाला बोलावेल.

पण म्हणून त्याचा त्रास होत नाही, असं मी मुळीच म्हणणार नाही. सुनावणीआधी यांपैकी एखाद्या केंद्राच्या फाटकाशी सकाळी अर्धा-पाऊण तास उभ्या राहून या. सेक्रेटरींना सोबत न्या. येणारा कॉम्पॅक्टर, म्हणजे कचरा दाबून भरणारी गाडी, मागून बघा. झडपेचं रबर झिजलेलं असेल तर तिच्या खालच्या कडेतून काळं पाणी गळत येतं आणि गाडी जिथे वळण घेते तिथे ते फेकलं जातं. फाटकापाशी डांबराचा रंगच बदललेला दिसतो. तिथून जाणारे दुचाकीवाले आपोआप वेग कमी करतात, कारण आधी कुणीतरी घसरलेलं असतं. आत जागा नसेल तर गाड्या रस्त्यावर रांगेत थांबतात, इंजिन चालू ठेवून. ड्रायव्हर खाली उतरून चहा पितो, गाडी ठिबकत असते. वर घारी. शेडमध्ये मोटर लोडर, म्हणजे कचरा भरणारी कामगार मंडळी, कुणी हातमोजे घालून, कुणी एकाच हाताला घालून. मोठी गाडी वेळेवर आली नाही तर जमिनीवर ढीग वाढत जातो आणि दुपारी बारानंतर त्याला वास सुटतो. आपल्या कचऱ्यात निम्म्याहून कितीतरी जास्त भाग ओला, म्हणजे मासळीची खवलं, भाजीचे देठ, शिळा भात. मुंबईच्या दमट हवेत हे सगळं सहा तासांत आंबतं.

हे एकदा डोळ्यांनी बघितलंत की काय लिहायचं ते तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. तरी सांगते, कारण सुनावणीला बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात आणि तेवढ्यात मोजकंच मांडता येतं.

रोज किती टन येणार आणि किती गाड्या, कुठल्या वेळेत, हे लेखी मागा. गाड्या थांबायला आवारातच जागा हवी, रस्त्यावर एकही रांग नको. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी वाहतूक बंद ठेवा, असं आवर्जून सांगा. तुम्ही शिक्षिका होतात, तुमच्या तोंडून ते ऐकलं जाईल. शेड चारी बाजूंनी बंद हवी, नुसतं वर पत्र्याचं छप्पर पुरणार नाही. आतली हवा खेचून, गाळून बाहेर सोडायची सोय हवी. फरशीला उतार आणि कचऱ्याच्या पाण्यासाठी वेगळी टाकी हवी. ते पाणी पर्जन्यवाहिनीत सोडणार नाही, असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर गटाराचं झाकण उघडून तिकडे वळवायला कितीसा वेळ लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आलेला कचरा त्याच दिवशी बाहेर गेला पाहिजे. मोठी गाडी बंद पडली, कांजूरला अडचण आली, संप झाला, तर काय करणार? या प्रश्नावर सहसा शांतता पसरते, म्हणून तो जरूर विचारा.

वाऱ्याचंही बघा. भूखंड तुमच्या पूर्वेला असेल तर पावसाळ्यात, नैऋत्येचा वारा असताना, फारसं जाणवणार नाही. पण हिवाळ्यात रात्री-पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हवा थंड होऊन खाली दबते आणि वास तिथल्या तिथे रेंगाळतो. त्या वेळी केंद्र रिकामं आणि धुतलेलं असायला हवं. म्हणजे धुण्याची वेळ संध्याकाळची. ही एवढी बारीक अट कुणी घालत नाही. तुम्ही घाला.

आता नाल्यापलीकडचं. 'त्यांना सवय आहे' म्हणणाऱ्या गृहस्थांचं मला नवल वाटत नाही. ही मुंबई गेली शंभर-सव्वाशे वर्षं याच हिशोबाने चालली आहे. आपण हार्बर लाइनने ज्या रुळांवरून चेंबूरला जातो, तो कुर्ला-चेंबूर फाटा १९०६ मध्ये कचऱ्याच्या गाड्यांसाठी घातला होता. माणसं त्यावरून जायला लागली १९२४ मध्ये. गावाबाहेरची दलदल म्हणून कचरा तिकडे. मग १९२७ पासून देवनार. शहर वाढत वाढत तिथे पोहोचलं, ज्यांना दुसरीकडे जागा परवडली नाही ती माणसं डोंगराच्या पायथ्याशी राहिली, आणि पुढे त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायचं की त्यांना सवय आहे. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांत तळाला होता तो एम पूर्व, म्हणजे देवनार-गोवंडी-मानखुर्दचाच वॉर्ड. २०१६ च्या जानेवारीत देवनार पेटलं तेव्हा धूर अर्ध्या शहरावर गेला आणि चार दिवस सगळ्यांना खोकला झाला. पायथ्याच्या लोकांचा खोकला त्याआधीही होता आणि नंतरही राहिला. वर्गात एखाद्या मुलाला कायम मागच्या बाकावर बसवायचं आणि वर म्हणायचं, त्याला तिथेच आवडतं, असं तुम्ही शाळेत होऊ दिलं नसतं.

तुमच्या भागातल्या लोकांचा राग मला कळतो, हेही लिहून ठेवते. गोराईचं डम्पिंग २००७ मध्ये बंद झालं, मुलुंडचं २०१८ मध्ये, आणि आता शहराचा जवळजवळ सगळा भार कांजूरवर आहे. त्या जागेचाही वाद कोर्टात आहे. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तिथली सुमारे १२० हेक्टर जमीन संरक्षित वन ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने नंतर त्या निकालाला स्थगिती दिली. देवनार, मुलुंड, कांजूर, तिन्ही पूर्वेला. दर वेळी आमच्याच बाजूला का, हा प्रश्न रास्त आहे आणि तो सुनावणीत विचाराच. फक्त हा प्रश्न तुम्ही विचारायचा आणि त्याच कागदावर खाली 'नाल्यापलीकडे न्या' असं लिहायचं, हे जमणार नाही. अधिकाऱ्याने दोन्ही ओळी वाचल्या की पहिलीतला जोर गेलाच.

शिवाय नाल्यापलीकडची सूचना व्यवहारातही कच्ची आहे. सेक्रेटरींशी बोलताना इथूनच सुरुवात करा, माणुसकीचं नंतर काढा. नाल्याकाठच्या सखल जागेत कचऱ्याचं केंद्र म्हणजे भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की ते पाण्यात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा नाल्यांनी काय केलं, ते तुम्ही दोघांनीही बघितलं असेल. तेवढा नको, त्याच्या चौथाई पावसातही तुंबलेल्या नाल्यातून ते पाणी दोन्ही काठांवर येतं. पलीकडे ढकललेला कचरा तुमच्या तळमजल्यावर पोहायला येईल. शिवाय मोठ्या गाड्यांना जायला तिकडे रस्ता किती रुंद आहे ते विचारा. वस्तीतल्या गल्लीतून मोठा डम्पर वळत नसेल, तर गाड्या तुमच्याच रस्त्यावरून जाऊन तुमच्याच कोपऱ्यावर अडकणार.

आणि फ्लॅटच्या किमतीचं. तुमच्या पत्रात ते नाही, पण सभेत कुणीतरी बोललंच असेल, आणि खरी भीती बऱ्याच जणांची तीच असते. तीत लाज वाटण्यासारखं काही नाही, आयुष्याची पुंजी त्यात घातलेली असते. त्यांना एवढीच आठवण द्या की २०१६ मध्ये शहराच्या कचऱ्याची नीट व्यवस्था नाही, म्हणून उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्यांवरच बंदी आणली होती. ती सर्वोच्च न्यायालयात २०१८ मध्ये शिथिल झाली. कचरा तुंबला की घरांचा बाजारही तुंबतो, मग तुमची इमारत कुठल्याही काठावर असो.

कागदपत्रांचं थोडक्यात. त्या भूखंडावर २०३४ च्या विकास आराखड्यात कसलं आरक्षण आहे ते आधी पाहा. घनकचऱ्याचंच असेल, तर वाद 'कसं करणार' यावर घाला. मैदानाचं किंवा दवाखान्याचं असेल आणि ते बदलायचं असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो आणि त्यासाठी हरकतींना एक महिन्याची मुदत असते. तुमची नोटीस बहुधा तीच असावी, वरचं कलम वाचून खात्री करा. तसं असेल तर तुमची हरकत जास्त वजनदार, कारण मैदान जातंय हा मुद्दा मुलांचा आहे, वासाचा नाही. किती जागा तपासल्या आणि बाकीच्या का सोडल्या, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज आजच टाका. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. ते हरकतीच्या मुदतीत येणार नाही, पण सुनावणीपर्यंत हातात पडू शकतं. आणि नगरसेवकाला भेटा. जवळजवळ चार वर्षं महापालिका प्रशासकाच्या हातात होती, दाद मागायची तर वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवायच्या एवढंच होतं. आता जानेवारी २०२६ ची निवडणूक होऊन सभागृह आलंय. आरक्षणाचे विषय सुधार समितीपुढे जातात, पैशाचे स्थायी समितीपुढे. तुमचा नगरसेवक तिथे नसला तरी त्याच्या पक्षाचा कुणीतरी असतोच. त्याला 'आमचा विरोध आहे' असं मोघम सांगू नका, वरच्या अटींचा कागद हातात द्या. अशा माणसांना सभागृहात उभं राहून वाचायला काहीतरी लागतंच.

एक घरचा मुद्दाही येणार आहे, त्याची तयारी ठेवा. सुनावणीत हमखास विचारतात, तुमच्या सोसायटीच्या कचऱ्याचं काय करता? एका घराचा दिवसाला किलोभर धरला तरी तुमचा १४० किलोच्या घरात जातो. घनकचरा नियमांत दिवसाला शंभर किलोच्या वर गेलं की मोठे कचरा उत्पादक, आणि ओला कचरा शक्य तेवढा आवारातच जिरवायचा. तुमच्याकडे खतखड्डा आहे? की गच्चीवर कधीतरी आणलेली दोन पिंपं पालथी पडली आहेत? रिकाम्या हाताने जाऊ नका. निदान ओला-सुका वेगळा द्यायला सुरुवात झाली आहे आणि खताचं काम अमुक महिन्यात चालू होतंय, एवढं तरी सांगता यायला हवं. सुक्या कचऱ्यासाठी कचरा वेचणाऱ्या बायकांच्या संस्था शहरात आहेत. स्त्री मुक्ती संघटनेचं 'परिसर विकास'चं काम नव्वदच्या दशकापासून चालू आहे, त्यांच्याकडे विचारा. तुमचा ओला कचरा गाडीत चढलाच नाही, तर केंद्रात कुजणारा माल तेवढा कमी. ही वासावरची अट तुमची तुम्हालाच पाळता येते.

आता तुमच्या ह्यांचं आणि चार लोकांचं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर यातलं अक्षरही लिहू नका. तिथे लिहिलं की दहा मिनिटांत तुम्ही सोसायटीच्या विरोधात गेलात असं ठरेल आणि कुणीतरी फुलांचं चित्र टाकून विषय संपवेल. सेक्रेटरींना घरी चहाला बोलावा, ह्यांच्या समोर. म्हणा, 'अहो, पत्र चांगलं झालंय, फक्त हा एक परिच्छेद काढू या. तो राहिला तर नाल्यापलीकडचे हजार जण आपल्याविरुद्ध हरकत घेतील आणि महापालिकेला दोन्ही बाजू भांडतायत हेच हवं असतं.' हे खरंही आहे आणि त्यांना पटण्यासारखंही. परिच्छेद निघाला तर खुशाल सही करा आणि वर आपल्या अटींचा कागद जोडा. नाही निघाला, तर सांगा की मी वेगळं पत्र देतेय, त्यात सोसायटीविरुद्ध काही नाही, आणि सुनावणीत मी माझ्या नावानेच बोलेन. त्यांनी बोलायला दुसरा माणूस शोधला तर शोधू द्या. थोडे दिवस लिफ्टमध्ये शांतता असेल. गणपतीच्या वर्गणीपर्यंत निवळेल.

'त्यांना सवय आहे' म्हणणाऱ्या गृहस्थांशी वाद घालत बसू नका. ती सभा गेली, आणि त्या दिवशी गप्प बसल्याचं मनाला लावून घेऊ नका.

राहिल्या तुमच्या बाई. त्यांच्या वतीने तुम्ही बोलायचं नाही, हे मी जरा ठामपणे सांगते. तुम्ही प्रेमाने कराल, पण सुनावणीत 'आमच्या कामवाल्या बाई तिथे राहतात' असं वाक्य आलं की मुद्दा बाजूला राहतो आणि ते उपकारासारखं ऐकू येतं. त्यापेक्षा उद्या त्या आल्या की विचारा, नोटिशीबद्दल वस्तीत कुणाला माहीत आहे का? बहुतेक नसणार. नोटीस पेपरात बारीक टायपात येते आणि वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लागते, ती वाचायला कामाचा दिवस बुडवून कोण जातंय? तुमच्याकडची प्रत त्यांना द्या. सेक्रेटरींच्या पत्रात काय लिहिलंय तेही लपवू नका, त्यांना कळणारच आहे आणि तुमच्याकडून कळलेलं बरं. वस्तीतल्या महिला मंडळाला हरकत घ्यायची असेल तर मसुदा त्यांना सांगू दे, अक्षर तुमचं चालेल. प्रत्येकाचं वेगळं पत्र, वेगळी सही, पूर्ण पत्ता. शंभर सह्यांचं एक पत्र आवक नोंदवहीत एकच हरकत म्हणून चढायची भीती असते.

प्रत्येक पत्राच्या दोन प्रती न्या. वॉर्ड ऑफिसच्या आवक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, आणि हे शेवटच्या दिवसावर ठेवू नका. त्या दिवशी खिडकी लवकर बंद होते.